वेळ आणि काळ

मरणाच्या दारातून परतलेल्या माणसाविषयी बोलताना मराठी माणूस एक वाक्य हमखास उच्चारतो : काळ आला होता, पण वेळ आली नव्हती. पुरात वाहून जाता जाता झाडाला अडकलेला, विहिरीत पडूनही वर आलेला, सापाचे विष उतरलेला, अशा सर्वांना हे वाक्य सारखेच लागू पडते. ऐकणारा मान डोलावतो आणि विषय तेथे संपतो. पण या साध्या वाक्यात एक संपूर्ण जीवनदृष्टी सामावलेली आहे. काळ म्हणजे मृत्यू. तो केव्हाही दाराशी येऊ शकतो. वेळ म्हणजे ज्याच्या त्याच्या नावापुढे आधीच लिहून ठेवलेला क्षण. तो भरल्याखेरीज काळालाही रिकाम्या हाताने परतावे लागते. वाचलेल्याला यात श्रेय नाही, आणि गेलेल्याला दोष नाही. शोकाकुल घरांना या समजुतीने पिढ्यान् पिढ्या आधार दिला आहे. तिला केवळ दैववाद म्हणून उडवून लावणे उथळपणाचे होईल.

मात्र हे वाक्य अपघाताच्या अनुभवातून घडलेले आहे. अपघातात काळ येतो आणि जातो. असाध्य म्हणवल्या जाणाऱ्या रोगात तो येतो आणि ओसरीवर बसून राहतो. घरातली माणसे त्याला ओलांडून ये-जा करतात, स्वयंपाक होतो, मुलांच्या परीक्षा होतात, आणि तो बसलेलाच असतो. अशा प्रसंगी वेळ केव्हा येणार एवढाच प्रश्न उरतो. पूर्वी तो पत्रिका पाहणाऱ्याला विचारीत. आज डॉक्टरांना विचारतात. ‘डॉक्टरांनी सहा महिने सांगितले आहेत’ हे वाक्य आपण ज्या सुरात उच्चारतो तो सूर मात्र जुनाच आहे. सांगणारा बदलला, ऐकणारा बदललेला नाही. ज्योतिषाच्या जागी संख्याशास्त्र आले, आणि त्याच्या आकड्याला आपण ललाटलेखाचा मान देऊन टाकला.

अनेकांच्या आयुष्यांवरून काढलेला आकडा एका माणसाला नेमके काय सांगतो? तो त्याला सांगावा काय? आणि तो आकडा ओलांडून जो जगतो, त्याने आपल्या जगण्याचा अर्थ कसा लावावा? हे प्रश्न जितके वैद्यकाचे तितकेच नीतीचे आहेत. ज्याने स्वतःच्याच शरीरावर या प्रश्नांचा विचार केला अशा एका अभ्यासकाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल.

स्टीफन जे गूल्ड हे हार्वर्ड विद्यापीठातील पुराजीवशास्त्रज्ञ. गोगलगायींच्या शंखांचा सूक्ष्म अभ्यास करणारे, नाइल्स एल्ड्रिज यांच्यासमवेत १९७२ साली उत्क्रांतीच्या गतीविषयी एक वादग्रस्त सिद्धान्त मांडणारे, आणि जानेवारी १९७४पासून ‘नॅचरल हिस्टरी’ या मासिकात दरमहा निबंध लिहिणारे. १९८१ साली त्यांचा ‘द मिसमेझर ऑफ मॅन’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माणसाची बुद्धी एका आकड्यात कोंबून त्या आकड्यांवरून माणसांची उतरंड रचण्याचे जे प्रयत्न शास्त्राच्या नावाखाली झाले, त्यांची ती चिकित्सा होती. पुढच्याच वर्षी, जुलै १९८२मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, त्यांना उदराच्या पोकळीच्या आतल्या पातळ अस्तराचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. मेसोथेलिओमा हे त्याचे नाव. रोग दुर्मिळ, आणि बहुधा फार उशिरा उघडकीस येणारा. माणसाला आकड्यात मोजण्याविरुद्ध ज्याने ग्रंथ लिहिला, त्याच्याच वाट्याला आता एक आकडा आला होता.

शस्त्रक्रियेनंतर गूल्ड यांनी आपल्या डॉक्टर बाईंना विचारले की, या रोगाविषयी वाचण्याजोगे उत्तम लेखन कोणते? त्यांनी किंचित मुत्सद्देगिरीने उत्तर दिले की, वाचण्याजोगे असे फारसे काही नाही. अभ्यासकाला वाचू नको म्हणणे म्हणजे त्याला ग्रंथालयाची वाट दाखवण्यासारखेच आहे. हिंडण्याफिरण्याची शक्ती येताच ते हार्वर्डच्या वैद्यकीय ग्रंथालयात गेले आणि शोध घेऊ लागले. तेव्हा त्यांना कळले की रोग बरा होणारा नाही, आणि निदानानंतरच्या आयुष्याचा मध्यक केवळ आठ महिन्यांचा आहे. सुमारे पंधरा मिनिटे ते सुन्न होऊन बसून राहिले. मग, त्यांनीच पुढे सांगितल्याप्रमाणे, मन पुन्हा काम करू लागले.

त्या मनाने जे काम केले ते समजण्यास कठीण नाही. मध्यक म्हणजे सरासरी नव्हे. मध्यक म्हणजे रांगेतल्या मधल्या माणसाचा आकडा. समजा, अकरा रुग्ण आहेत आणि निदानानंतर ते अनुक्रमे १, २, ३, ५, ७, ८, १०, १५, ३०, ७० आणि २४० महिने जगले. मधला, म्हणजे सहावा, आठ महिने जगला. म्हणून मध्यक आठ. सरासरी काढली तर ती साडेपस्तीस महिन्यांच्या आसपास येते. पहिल्या पाच जणांना शून्य आणि आठ यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत दाटीवाटीने बसावे लागते, कारण शून्याच्या अलीकडे जागाच नसते. शेवटच्या पाच जणांसाठी उजवी बाजू मोकळी असते. तेथील शेपूट कितीही लांबू शकते. ‘मध्यक आठ महिने’ याचा अर्थ ‘तू आठ महिन्यांत मरशील’ असा होत नाही. त्याचा अर्थ एवढाच की निम्मे लोक त्याहून अधिक जगतात, आणि त्यांतले काही फारच अधिक. आपले वय, रोगाची अवस्था, उपलब्ध उपचार यांचा हिशेब करून गूल्ड यांनी निष्कर्ष काढला की, आपण त्या उजव्या शेपटात असण्याला सबळ कारणे आहेत. १९८५ साली ‘डिस्कव्हर’ मासिकात त्यांनी हा सारा विचार एका छोट्या निबंधात मांडला.

हा युक्तिवाद गणिताचा असला तरी त्याच्या मुळाशी एक तात्त्विक भूमिका आहे. आपल्याकडच्या वैशेषिकांनी ‘सामान्य’ आणि ‘विशेष’ असे दोन स्वतंत्र पदार्थ मानले. अनेकांत समानपणे असते ते सामान्य. आणि प्रत्येक नित्य द्रव्याला, मग तो परमाणू असो की आत्मा, दुसऱ्यापासून वेगळे ठेवणारे ते विशेष. या दर्शनाला नाव मिळाले ते या दुसऱ्या पदार्थावरून. व्यवहारात मात्र आपण सामान्यालाच सत्य मानतो आणि विशेषाला अपवाद समजतो. सरासरी खरी, आणि तिच्याभोवतीचे कमी-अधिक म्हणजे जणू मोजमापातली चूक! डार्विनचा वारसा सांगणाऱ्या गूल्ड यांना हे मान्य होणे शक्य नव्हते. उत्क्रांतीच्या विचारात प्राण्या-प्राण्यांमधले भेद हेच वास्तव आहे, आणि सरासरी ही आपण त्यांतून काढलेली अमूर्त कल्पना आहे. गोगलगायींच्या शंखांवर वर्षानुवर्षे हेच पाहिलेल्या माणसाने ते स्वतःच्या आजाराला लावले. मात्र पंधरा मिनिटांत सुचलेल्या त्या विचारामागे वीस वर्षांची विद्या होती. ती ज्याच्यापाशी नाही त्याने काय करावे?

येथे सत्यकथनाचा प्रश्न उभा राहतो. आपल्या समाजात कर्करोगाचे नाव अजूनही सहसा मोठ्याने घेतले जात नाही. ‘त्यांना टाटाला दाखवलंय’ एवढे म्हटले की महाराष्ट्रात ऐकणारा समजून जातो. परळचे एक रुग्णालय या रोगाचे पर्यायी नाव होऊन बसले आहे. फाइल मुलाच्या हातात असते, जावई डॉक्टरांशी दाराबाहेर बोलतो, आणि खाटेवरच्या माणसाला ‘साधी गाठ आहे’ असे सांगितले जाते. यामागे कपट नसते, माया असते. पण या मायेने रुग्णाचे काय जाते याचा विचार क्वचितच होतो. कोणाला भेटायचे, कोणते भांडण मिटवायचे, कोणता उपचार घ्यायचा आणि कोणता नाकारायचा, हे निर्णय त्याच्या नकळत दुसरेच घेतात. शिवाय त्याला बहुधा सर्व उमगलेले असते. तोही घरच्यांसाठी अजाणतेपणाचे सोंग वठवीत राहतो. एकाच घरात दोन्ही पक्ष एकमेकांना वाचवत एकमेकांपासून दूर जातात.

तर मग प्रत्येकाला सारे सांगून टाकावे काय? कठोपनिषदातील कथेचा येथे आधार घेता येईल. यमाच्या दारात तीन रात्री उपाशी राहिलेला नचिकेत त्याला मरणाविषयी विचारतो. यमसुद्धा प्रथम टाळाटाळ करतो. दुसरे काही माग म्हणतो, हवे तितके आयुष्य देऊ करतो. मुलगा प्रश्न सोडत नाही, तेव्हा यम बोलतो. ज्ञानाचा अधिकार येथे वयाने किंवा विद्येने ठरलेला नाही, तो प्रश्न विचारण्याने ठरलेला आहे. ज्याला जाणून घ्यायचे नाही त्याच्यावर सत्य लादणे ही क्रूरता ठरू शकते. पण जो विचारतो त्याला उत्तर नाकारण्याचा अधिकार मायेलाही नाही.

आणि उत्तर द्यायचे तर ते पुरे द्यावे लागते. ‘आठ महिने’ एवढेच सांगून थांबणे हे सत्यकथन नव्हे. त्या आकड्याचा आकार, त्याची लांब उजवी बाजू, तो कोणत्या काळातल्या कोणत्या रुग्णांवरून काढला हे न सांगता केवळ आकडा हातात ठेवणे म्हणजे अर्धे सत्य सांगणे. अशा अर्ध्या सत्याने रुग्णाची आशा काढून घेतली जाते, आणि तीही शास्त्राच्या नावाने, म्हणजे ज्याच्याशी वाद घालता येत नाही अशा अधिकाराने. पुरे सत्य ऐकून घ्यायला धैर्य लागते हे खरे. पण पुष्कळदा ते अर्ध्या सत्याहून अधिक दयाळू असते. गूल्ड यांच्यापाशी विद्या होती म्हणून ते आपल्यापुरते पुरे सत्य शोधू शकले. इतरांना ते शोधून देणे हे सांगणाऱ्याचे कर्तव्य आहे.

गूल्ड यांनी पुढे प्रायोगिक स्वरूपाचे कठोर उपचार घेतले. शस्त्रक्रिया, किरणोपचार, रसायनोपचार. निबंधलेखनात त्यांनी एकाही महिन्याचा खंड पडू दिला नाही. मृत्यूचा शांतपणे स्वीकार करणे हेच शहाणपण, ही आपल्याला अतिशय परिचित असलेली भूमिका त्यांना पुरती मान्य नव्हती. स्वीकाराचीही एक घडी असते, पण तोवर मृत्यूला शत्रू मानून झगडण्यात कमीपणा नाही असे त्यांचे मत होते. कर्करोगाशी यशस्वी झुंज देण्यासाठी काय हवे, असे त्यांनी एकदा ब्रिटिश शास्त्रज्ञ पीटर मेडावार यांना विचारले होते. आशावादी स्वभाव, असे उत्तर मिळाले. स्वतः मेडावार यांना १९६९ साली पक्षाघाताचा तीव्र झटका आला होता, आणि त्यानंतर १९८७पर्यंत ते जगले, लिहीत राहिले. त्यांचे उत्तर अनुभवाचे होते.

तरीही येथे सावध राहायला हवे. आशावादी माणूस बरा जगतो, याविषयी शंका नाही. तो अधिक काळ जगतो काय, हा वेगळा प्रश्न आहे. डोके आणि मान यांच्या कर्करोगाच्या १,०९३ रुग्णांचा एक अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. त्यात रुग्णांचे भावनिक स्वास्थ्य आणि त्यांच्या जगण्याचा कालावधी यांच्यात संबंध आढळला नाही. ‘त्यांनी जिद्दीने कर्करोगावर मात केली’ असे आपण कौतुकाने म्हणतो, तेव्हा न वाचलेल्यांविषयीही काहीतरी म्हणत असतो. त्यांची जिद्द कमी पडली काय? तीन लहान मुले मागे ठेवून गेलेल्या आईला जगण्याची इच्छा नव्हती काय? रोग हे पूर्वकर्माचे फळ मानणाऱ्या जुन्या समजुतीला आपण निर्दय म्हणतो. पण मरण हे दुर्बळ मनाचे फळ मानणारी ही नवी समजूत तिचीच धाकटी बहीण आहे. त्या मानाने ‘वेळ आली नव्हती’ म्हणणारा अडाणी माणूस अधिक न्यायी म्हणावा लागेल. तो निदान मेलेल्याला दोष देत नाही.

मग मध्यकाच्या उजवीकडे कोण जातो? काही अंशी ज्याचा रोग शरीरात हळू पसरतो तो. काही अंशी ज्याच्यापर्यंत उपचार पोहोचतात तो. परळच्या त्या रुग्णालयाबाहेरच्या पदपथावर बिहार-बंगालपासून आलेली कुटुंबे पथारी टाकून राहताना दिसतात. त्यांच्या आशेत काही उणे नसते. अंतर, भाडे आणि बुडालेली मजुरी एवढेच काय ते आड येते. गूल्ड यांनीही आपल्या जमेच्या बाजू मोजताना उत्तम उपचारांचा समावेश केला होता. तो प्रामाणिकपणा विसरून चालणार नाही.

या विशिष्ट रोगाच्या बाबतीत तर विषमता त्याच्या उगमाशीच असते. मेसोथेलिओमाचा, विशेषतः छातीच्या अस्तरातल्या मेसोथेलिओमाचा, अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंशी असलेला संबंध दक्षिण आफ्रिकेतील वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० साली ३३ रुग्णांच्या आधारे दाखवून दिला. त्यांत सारेच खाणकामगार नव्हते. खाणींच्या परिसरात केवळ बालपण घालवलेलेही होते. तंतू श्वासातून शरीरात जातात आणि रोग पुष्कळदा तीस-चाळीस वर्षांनी उठतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी अ‍ॅस्बेस्टॉस कामगारांच्या प्रकरणात आरोग्याचा हक्क हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग असल्याचा निर्णय दिला. कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षे किंवा नोकरी सुटल्यावर १५ वर्षे, यांतील जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेशही दिला. न्यायालयाने येथे वेळेविषयी फार खोल गोष्ट ओळखली होती. काळ चाळीस वर्षे आधीच येऊन बसलेला असतो, आणि तो कोणी आणून बसवला याची नोंद मात्र तितका काळ टिकत नाही. आपल्या घरांवरच्या आणि गोदामांवरच्या सिमेंटच्या पत्र्यांखाली राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. जे मरण टाळता आले असते त्याच्या बाबतीत ‘वेळ आली’ म्हणणे हे सांत्वन राहत नाही, ती कोणाची तरी सुटका होते.

आकडाही अढळ नसतो. उदरातल्या या रोगाच्या निवडक रुग्णांमध्ये शस्त्रक्रियेने शक्य तितका रोग काढून टाकून उदराच्या पोकळीत तापवलेले औषध फिरवण्याची पद्धत पुढे रूढ झाली. आठ संस्थांतील ४०५ रुग्णांचा असा एकत्रित अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला, त्यात मध्यक ५३ महिन्यांचा होता. आठ आणि त्रेपन्न यांची सरळ तुलना होणार नाही, कारण हे रुग्ण निवडलेले होते. तरी दिशा स्पष्ट आहे. ती कोणी बदलली? शल्यविशारदांनी तर खरीच. पण ज्यांच्यावर आधीचे प्रयोग झाले आणि जे वाचले नाहीत त्यांनीही. गूल्ड यांनी ग्रंथालयात वाचलेला आठाचा आकडा हा कोणा यमाने लिहिलेला नव्हता. तो त्यांच्याआधी त्याच रोगाने गेलेल्या माणसांच्या महिन्यांचा बनलेला होता. त्या वक्रावरचा प्रत्येक बिंदू म्हणजे कोणाचे तरी घर होते. डावीकडचे पुष्कळसे बिंदू नसते, तर उजवीकडच्या माणसाला आपण उजवीकडे आहोत हे कळलेही नसते. आपल्या परंपरेने माणसाच्या माथ्यावर देवांचे, ऋषींचे आणि पितरांचे ऋण मानले आहे. वाचलेल्या रुग्णावर त्याच्याआधी गेलेल्या अनोळखी रुग्णांचे ऋण असते, असे मानायला काय हरकत आहे? ते फिटत नाही. पण आपल्या वाचण्याला आपला पराक्रम न म्हणणे, एवढी त्याची पहिली परतफेड करता येते.

गूल्ड निदानानंतर वीस वर्षांना दोन महिने कमी इतके जगले. ‘नॅचरल हिस्टरी’तले त्यांचे निबंध जानेवारी २००१मध्ये तीनशेवर येऊन थांबले. चौदाशेहून अधिक पृष्ठांचा ‘द स्ट्रक्चर ऑफ इव्होल्यूशनरी थिअरी’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ २००२च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाला, आणि २० मे २००२ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, न्यूयॉर्कमधील घरी, आपल्या पुस्तकांच्या खोलीत त्यांचे निधन झाले. कारण कर्करोगच होता. पण तो फुप्फुसाचा, पहिल्याशी संबंध नसलेला. कोणाला यात नियतीचा उपरोध दिसेल. पण मृत्यूवर विजय मिळवल्याचा दावा जर मुळात केलाच नसेल, तर अखेरीस पराभव झाला असेही म्हणता येणार नाही. काळ यायचा होता, तो आला.

मराठी भाषेत ‘वेळ’ हा शब्द दोन लिंगांत चालतो. ठरलेला क्षण या अर्थाने ती वेळ, ती येते. हाती असलेला अवधी या अर्थाने तो वेळ. तो मिळतो, जातो, कोणाला देता येतो. आपल्या म्हणीतली वेळ पहिली आहे, आणि दीर्घ आजाराच्या घरात सर्वांचे डोळे तिच्याकडे लागलेले असतात. ती केव्हा येणार हे पत्रिका सांगत नाही आणि मध्यकही सांगत नाही. परंतु तिची वाट पाहण्यात दुसरा वेळ निघून जातो. पंधरा मिनिटे सुन्न बसून राहिलेल्या त्या माणसाने ग्रंथालयातून उठताना पहिलीचा नाद सोडला आणि दुसऱ्याचा हिशेब मांडला. तो आठ महिने ठरता की वीस वर्षे, हे त्याच्या हाती नव्हते. त्या महिन्यात पुढचा निबंध लिहायचा की नाही, एवढे होते. आणि तो त्याने लिहिला.